घरच्या कॉम्प्युटरला वेगवान उपकरणं जोडणं: प्रकल्प नोंदी, मे–जून २०२४

५ मे २०२४ : हातात काय आहे, हवं काय आहे

यंत्र: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा (प्रोसेसरला बाकीची उपकरणं जोडणारी चिप) बोर्ड, ३२ जीबी रॅम, आत सिस्टिमसाठी एक एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) आणि एक सॅटा एसएसडी (जुना, मंद प्रकार). काम: व्हिडिओ एडिटिंग. ठिकाण नागपूर, त्यामुळे मे महिन्यात खोलीचं तापमान हाही हिशेबात धरायचा घटक.

जोडायचं असं: एसडी कार्ड रीडर, चालू कामासाठी बाहेरची एनव्हीएमई एसएसडी, एचडीएमआय कॅप्चर बॉक्स (एचडीएमआयवरचं चित्र रेकॉर्ड करायला), बॅकअपच्या साडेतीन इंची डिस्कचा डॉक आणि पलीकडच्या खोलीतला नास (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा साठा).

मूळ मागणी एका ओळीची होती: थंडरबोल्ट (यूएसबीहून वेगवान जोडणीचा पोर्ट) बसवा. खरेदीआधी प्रत्येक उपकरण स्वतः किती देऊ शकतं ते लिहून काढलं. सगळे आकडे सेकंदाला मेगाबाइटमध्ये. खोक्यावर गिगाबिट असतात, कॉपी करताना मेगाबाइट दिसतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क: बाहेरच्या कडेला २०० ते २५०, आतल्या कडेला जवळपास निम्मे. सॅटा एसएसडी: ५५० च्या आसपास. तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई: ३५०० पर्यंत. यूएचएस-२ (वेगवान प्रकारचं) एसडी कार्ड: डेटाच्या वाटेची मर्यादा ३१२. १०० मेगाबिटने चित्रित केलेलं ४के फुटेज चालवायला लागतात फक्त १२.५. शेवटचा आकडा मुद्दाम लिहून ठेवला आहे. चार कॅमेऱ्यांची पट्टी एकाच वेळी लावली तरी ५० होतात. टाइमलाइन अडखळत असेल तर बहुतेक वेळा दोष डीकोडिंगचा (दाबून साठवलेलं चित्र उलगडण्याचा) असतो, जोडणीचा नव्हे. अशा वेळी प्रॉक्सी फाइल्स (फुटेजच्या हलक्या नकला) बनवाव्यात, नवा पोर्ट घेऊन काही साधत नाही.

आता मार्गाची क्षमता. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३५ ते ४० मेगाबाइट. ५ गिगाबिटच्या यूएसबीत दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवले जातात, म्हणून कागदावरच ५०० उरतात आणि हातात ४३० ते ४५० येतात. १० गिगाबिटमध्ये हा भार फारच कमी आहे (१२८ ला १३२), तिथे १००० च्या आसपास मिळतात. म्हणजे ५ वरून १० वर गेल्यावर वेग दुपटीहून थोडा जास्तच वाढतो.

८ मे : थंडरबोल्ट बाद

या बोर्डावर थंडरबोल्टचा हेडर (केबल लावायच्या पिनांचा संच) नाही, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पर्यायही नाही. थंडरबोल्टचं पीसीआयई कार्ड (बोर्डावरच्या स्लॉटात बसणारं) इतर कार्डांसारखं खोचलं की चाललं, असं होत नाही. कार्डापासून बोर्डाच्या ठरलेल्या हेडरपर्यंत एक केबल जाते, बायोसने ते ओळखावं लागतं, आणि पडद्याचं चित्र त्यातून न्यायचं तर ग्राफिक्स कार्डातून डिस्प्लेपोर्टची तार फिरवून कार्डात आणावी लागते. हेडरऐवजी कार्डावरच्या पिना आपसात जोडून चालवणारे हौशी आहेत, पण त्यात उपकरण काढून पुन्हा लावलं की ते दिसेलच याचा भरवसा नाही. कामाच्या यंत्रावर असले प्रयोग नकोत.

बोर्ड बदलला तर? थंडरबोल्ट ३ च्या ४० गिगाबिटपैकी पीसीआयई डेटाच्या वाट्याला सुमारे २२ येतात, म्हणजे २७०० मेगाबाइटच्या आसपास. वरच्या यादीत एवढं पचवणारं उपकरण एकच, ती बाहेरची एसएसडी. आणि तिलाही ज्या कार्डांतून फुटेज भरायचं ती ३०० च्या आत अडकलेली. बोर्ड बदलायचा तर पुढच्या पूर्ण अपग्रेडच्या वेळी, यूएसबी४ असलेला बघून.

ईसॅटाचाही (बाहेरच्या डिस्कसाठीच्या सॅटा जोडणीचा) विचार झाला, कारण जुन्या डॉकवर ते तोंड आहे. वेग ६ गिगाबिट, वीज शून्य, म्हणून तेही बाद.

९ मे : मागचे पोर्ट नीट ओळखले

बी४५० चिपसेट स्वतः १० गिगाबिटचे दोन यूएसबी पोर्ट देतो. या बोर्डावर ते मागे आहेत, एक टाइप-ए आणि एक टाइप-सी. म्हणजे हवा तो वेग यंत्रात पहिल्यापासून आहे. आजवर एसएसडी मात्र कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लागत होती. पुढचा पोर्ट १९ पिनांच्या हेडरवरून येतो. तो ५ गिगाबिटचाच, वर कॅबिनेटमधली तार बारीक आणि लांब. टाइप-ई हेडर (पुढच्या वेगवान टाइप-सी पोर्टसाठीचा) बोर्डावर नाही. १९ पिनांवरून टाइप-सी करून देणारा जोड मिळतो, पण तोंड बदलल्याने वेग बदलत नाही.

याशिवाय प्रोसेसरमधून थेट येणारे चार पोर्ट आहेत. या बोर्डावर ते ५ गिगाबिटने धावतात. कोणता पोर्ट कोणाचा हे रंगावरून ठरवू नये, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. पद्धत अशी: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘जोडणीनुसार’ पाहणी निवडा, एक यूएसबी ३ पेनड्राइव्ह प्रत्येक पोर्टमध्ये फिरवा आणि तो कोणत्या होस्ट कंट्रोलरच्या (पोर्ट चालवणाऱ्या भागाच्या) फांदीखाली उगवतो ते टिपा. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ आज्ञेला टी हा पर्याय जोडला की तीच फांदी दिसते आणि शेजारी ४८०एम, ५०००एम किंवा १००००एम असा ठरलेला वेगही.

नावांचा घोळ एकदाच नोंदवतो: यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ हे तिन्ही ५ गिगाबिटच. खोक्यावर फक्त ‘यूएसबी ३.२’ असेल तर काहीच कळत नाही. २०२२ पासून यूएसबीच्या प्रमाणक संस्थेने थेट ‘१० गिगाबिट’, ‘२० गिगाबिट’ असा आकडा लिहायला सांगितलं आहे. तो आकडा नसेल तर माल परत ठेवावा.

१२ मे : कार्ड रीडर

सगळ्यात स्वस्त खरेदी, सगळ्यात मोठा फायदा. १२८ जीबीचं भरलेलं यूएचएस-२ कार्ड जुन्या यूएचएस-१ रीडरमधून ९० च्या वेगाने उतरतं, म्हणजे जवळपास २४ मिनिटं. यूएचएस-२ रीडरमधून २५० च्या वेगाने साडेआठ मिनिटं. यूएचएस-२ कार्डाच्या मागे संपर्कपट्ट्यांची दुसरी ओळ असते. रीडरला ती ओळ वाचता येत नसेल तर कार्ड मुकाट्याने यूएचएस-१ वर येतं, कुठलीही सूचना न देता.

दोन सापळे. ज्या यूएचएस-१ कार्डांवर १७० किंवा २०० छापलेलं असतं, तो वेग प्रमाणाबाहेरच्या खास पद्धतीचा असतो आणि ती पद्धत जाणणाऱ्या रीडरमध्येच मिळतो. एरवी तेच ९०. दुसरा सापळा व्ही३०, व्ही६० या खुणांचा: ती लिहिण्याच्या किमान वेगाची हमी आहे, वाचण्याची नव्हे.

रीडर प्रोसेसरच्या ५ गिगाबिट पोर्टला लावला. टाइप-ए तोंड हळूहळू आत सरकवलं तर यूएसबी २ च्या पिना आधी टेकतात आणि उपकरण ४८० मेगाबिटवरच नोंदलं जातं. वेग ४० वर अडकला असेल तर पहिला उपाय हाच: काढा, एका दमात लावा.

१५ मे : एसएसडीचं एन्क्लोजर (बाहेरची पेटी)

पर्याय चार होते, पैकी दोनच खरे.

१० गिगाबिट: आत रिअलटेक आरटीएल९२१०, एएसमीडिया एएसएम२३६२ किंवा जेमायक्रॉन जेएमएस५८३ चिप. मिळणार १००० च्या आसपास.

२० गिगाबिट, म्हणजे जेन २ बाय २, चिप एएसएम२३६४. यात फसायला होतं. कॉम्प्युटरचा पोर्टही २ बाय २ च असावा लागतो, नसेल तर जोडणी १० वर उतरते. बऱ्याच थंडरबोल्ट आणि यूएसबी४ पोर्टांवरही हे एन्क्लोजर १० वरच चालतं. इथे त्यासाठी एएसएम३२४२ चिपचं पीसीआयई कार्ड घ्यावं लागेल. त्या कार्डाला पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेन (डेटाच्या समांतर वाटा) हव्यात, आणि बी४५० चिपसेट देतो दुसऱ्या पिढीच्या. दुसऱ्या पिढीत एका लेनला ५०० मेगाबाइट, चार लेनचे कागदावर २०००, वरखर्च जाऊन साधारण १६०० उरतील. शिवाय या बोर्डावर खालच्या लांब स्लॉटच्या लेन छोट्या स्लॉटांशी वाटून घेतलेल्या आहेत. नेटवर्क कार्ड छोट्या स्लॉटात गेलं की लांब स्लॉट चारवरून दोन लेनवर येतो, म्हणजे १००० च्याही खाली. कार्डाचे पैसे मोजून आहे त्या पोर्टाइतकाच वेग.

यूएसबी४ चं एएसएम२४६४पीडी एन्क्लोजर उत्तम आहे, योग्य पोर्टवर ३००० च्या वर जातं, पण या यंत्रावर तेही १० गिगाबिटच देणार. चौथा पर्याय सॅटा एसएसडी ५ गिगाबिट पेटीत घालण्याचा: ४५०. फुटेज साठवायला तोही पुरतो.

निर्णय: १० गिगाबिट, आरटीएल९२१०, ॲल्युमिनियमची पेटी. जेएमएस५८३ ची पेटी जास्त तापते, नागपुरात ती नको.

आतली एसएसडी निवडताना एक बारकावा विसरला जातो. डीरॅम (स्वतःची रॅम) नसलेल्या एनव्हीएमई ड्राइव्ह कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी वापरतात. यूएसबी ब्रिजपलीकडून (पेटीतल्या चिपपलीकडून) ती सोय मिळत नाही. त्यामुळे आत बसवलेली असताना चुणचुणीत वाटणारी ड्राइव्ह पेटीत घातल्यावर लहान फाइल्सना मंद होते. टीएलसी (एका पेशीत तीन बिट) आणि डीरॅम असलेली, तिसऱ्या पिढीची १ टीबी घेतली. चौथ्या पिढीचे ७००० घेऊन इथे उपयोग नाही, उलट ती तापते जास्त. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) टाळली: तिचा जलद कॅश भरला की लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो.

१९ मे : केबल

पहिल्या चाचणीत वाचन ४० मेगाबाइट. पेटी, पोर्ट, ड्राइव्ह सगळं बरोबर. केबल मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली. तशा अनेक सी-टू-सी केबलींत वेगवान डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, फक्त वीज आणि यूएसबी २. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. पेटीसोबतची अर्ध्या मीटरची केबल लावताच लिंक १० गिगाबिटवर आली.

लांबीची मर्यादा: सी-टू-सी साध्या केबलला ५ गिगाबिटसाठी २ मीटर, १० साठी १ मीटर. त्याहून लांब केबल कधी चालते, कधी तासभर चालून ड्राइव्ह गायब होते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो कॉपीच्या मधोमध होतो. जुन्या थंडरबोल्ट ३ च्या लांब ॲक्टिव्ह केबल यूएसबी उपकरणाला लावल्या तर तेही २.० वर येतं. महागडी केबल असूनसुद्धा. ज्या केबल तपासून झाल्या त्यांना कागदी पट्टीवर ‘१० जी’ किंवा ‘फक्त चार्जिंग’ लिहून चिकटवलं.

२० मे : यूएएसपी आणि विंडोजचं सेटिंग

लिंक १० ची असूनही लहान फाइल्स रखडत असतील तर उपकरण जुन्या बल्क पद्धतीवर चालत असतं: एक आज्ञा पूर्ण झाल्याशिवाय दुसरी नाही. यूएएसपीत (यूएसबी साठ्याच्या नव्या पद्धतीत) आज्ञांची रांग लागते. खात्री करायची तर डिव्हाइस मॅनेजरच्या ‘स्टोरेज कंट्रोलर’ यादीत ‘यूएसबी अटॅच्ड एससीएसआय’ असं नाव शोधा. लिनक्सवर ड्रायव्हरच्या जागी ‘यूएएस’ दिसायला हवं.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हला ‘झटपट काढण्याची’ पॉलिसी आपोआप लागते, त्यात राइट कॅश (लिहायचा डेटा तात्पुरता रॅममध्ये ठेवणं) बंद असतो. काही ब्रिज चिपवर लिहिण्याचा वेग त्यामुळे बराच पडतो. ‘उत्तम कामगिरी’ निवडल्यावर वेग परत येतो. मग मात्र ‘सुरक्षित काढा’ केल्याशिवाय केबल ओढायची नाही. हे घरातल्या प्रत्येकाला सांगावं लागतं.

चाचणी १ जीबीच्या फाइलने करू नये. ती पूर्ण कॅशमध्ये मावते आणि निकाल जाहिरातीसारखा येतो. सलग २०० जीबी लिहून शेवटच्या भागातला वेग बघावा; तोच आपल्या कामाचा.

२२ मे : उष्णता आणि वीज

दुपारी खोली ३६ अंशांवर, सलग लिहिताना एसएसडीचा कंट्रोलर सत्तरीपार गेला आणि वेग निम्म्यावर आला. कारण थर्मल पॅड: सोबत आलेला पॅड पातळ असल्याने चिप आणि झाकण यांत फट राहिली होती. फट मोजून १.५ मिमीचा पॅड घातला, पॅडवर चिपचा ठसा उमटतो का ते झाकण उघडून पाहिलं. ठसा नसेल तर पॅड केवळ शोभेचा. पेटी आता टेबलावर आडवी न ठेवता कडेवर उभी असते, दोन्ही बाजूंनी हवा लागते. कूलरचा झोत मात्र थेट त्यावर किंवा कॅबिनेटवर सोडू नये. ती हवा गार असली तरी दमट असते, आणि कूलरच्या पाण्यातले क्षार धुळीसकट कनेक्टरवर बसतात.

वीज: ५ गिगाबिटचा टाइप-ए पोर्ट प्रमाणानुसार ९०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे साडेचार वॉट. एनव्हीएमई लिहिताना क्षणभर त्याहून जास्त ओढते आणि ड्राइव्ह निखळते. इव्हेंटच्या यादीत तेव्हा ‘उपकरण अचानक काढलं’ अशी नोंद येते, आणि लोक केबल बदलत बसतात. मागचा टाइप-सी पोर्ट जास्त प्रवाह देत असल्याने एसएसडी कायम तिथेच. वीज न घेणाऱ्या हबवर एनव्हीएमई लावायची नाही.

२६ मे : कॅप्चर बॉक्स

स्टोरेजला थोडा उशीर चालतो, कॅप्चरला चालत नाही. फ्रेम वेळेत गेली नाही तर ती गेलीच. म्हणून हिशेब आधी. १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम, पिक्सेलला २ बाइट: १९२० × १०८० × २ × ६० = सुमारे २४९ मेगाबाइट. ५ गिगाबिटमध्ये आरामात. तेच ४के, ३० फ्रेम, २ बाइट: सुमारे ४९८, म्हणजे ५ गिगाबिटच्या हाती येणाऱ्या वेगाबाहेर. एनव्ही१२ स्वरूप (रंगाची माहिती कमी ठेवणारं) निवडलं तर पिक्सेलला दीड बाइट, ३७३ होतात आणि बसतं. ४के कॅप्चरमध्ये चित्र तुटत असेल तर बॉक्स बदलण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये रंगस्वरूप तपासा.

पहिल्या रेकॉर्डिंगला बॉक्स आणि एसएसडी दोन्ही चिपसेटच्या कंट्रोलरवर होते. एसएसडीवर कॉपी सुरू झाली की फ्रेम गळत. बॉक्स प्रोसेसरच्या पोर्टला हलवला, गळती थांबली. चिपसेट आणि प्रोसेसरमधला दुवा तिसऱ्या पिढीच्या चार लेनचा, सुमारे ३९०० मेगाबाइटचा आहे, तो भरत नव्हता. भांडण एकाच यूएसबी कंट्रोलरच्या आत होतं. म्हणून ९ मेची पोर्टांची यादी हाताशी हवी. रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसरच्या पोर्टांवरचा रीडरही वापरायचा नाही.

याच दिवशी वायरलेस माउस उड्या मारू लागला. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. माउसचा रिसीव्हर एसएसडीच्या केबलला खेटून होता. मीटरभर यूएसबी २ ची एक्स्टेन्शन लावून तो टेबलावर आणला. वायफायही ५ गिगाहर्ट्झवर नेलं.

२ जून : नास

१ गिगाबिट नेटवर्कवर ११२ ते ११८ मेगाबाइट मिळतात, नासमधली डिस्क त्याच्या दुप्पट देऊ शकते. १० गिगाबिटचा पर्याय तपासला: जुनी एसएफपी प्लसची (१० गिगाबिटच्या एका प्रकारच्या तोंडाची) सर्व्हर कार्डं मिळतात, पण त्यांना लांब स्लॉट हवा, आणि नासमध्ये फिरत्या डिस्क असताना ११०० मेगाबाइटची वाट रिकामीच राहणार. २.५ गिगाबिट पुरे. आरटीएल८१२५ चिपचं नेटवर्क कार्ड एका लेनच्या स्लॉटात बसतं. दुसऱ्या पिढीच्या लेनचे ५०० त्याला भरपूर. नासला २.५ चा पोर्ट आधीच होता. मधला स्विच १ गिगाबिटचाच राहिला तर सगळं वाया, म्हणून पाच पोर्टांचा २.५ गिगाबिट स्विच घेतला. फक्त दोनच यंत्रं असतील तर सरळ केबलने जोडून दोन्हीकडे एकाच, पण घरच्या नेटवर्कहून वेगळ्या सबनेटचे (पत्त्यांच्या गटाचे) स्थिर आयपी दिले तरी चालतं; क्रॉस केबल लागत नाही.

भिंतीतली कॅट५ई केबल बदलली नाही. २.५ गिगाबिट प्रमाणानुसार तीवर १०० मीटर चालतं. तरीही जोडल्यावर लिंक १०० मेगाबिटची दिसली. १०० मेगाबिटला केबलमधल्या तारांच्या दोनच जोड्या लागतात, १ आणि २.५ गिगाबिटला चारही. म्हणजे एखादी जोडी तुटलेली. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तपकिरी जोडीची एक तार नीट दाबलेली नव्हती. पुन्हा पंच केली, २.५ आला. आयपर्फ३ ने (नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने) २.३५ गिगाबिट दाखवले, याहून जास्त अपेक्षा धरू नये.

नवी केबल ओढायचीच तर दुकानात ‘शुद्ध तांबं’ विचारून घ्या. कॅट६ लिहिलेली बरीच स्वस्त केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. टोकाची तार चाकूने खरवडली की आत पांढरी चमक दिसते. ती दोनदा वाकवली की तुटते, आणि प्रतिकार जास्त असल्याने लांब अंतरावर चुका वाढतात.

९ जून : बॅकअपचा डॉक

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत, म्हणून वेगळा अडॅप्टर. हा अडॅप्टर यूपीएसवरच्या सॉकेटला लावला. नाहीतर वळवाच्या पावसात लाइट गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो आणि डॉक मात्र लिहिता लिहिता बंद पडतो. फाइल सिस्टिम बिघडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. डॉकला ५ गिगाबिट पुरतात, पुढचा पोर्ट दिला.

जुन्या डॉकमधून आलेली डिस्क थेट सॅटाला लावल्यावर ‘फॉरमॅट करा’ असं विचारू लागली. डिस्क ठीक आहे. २ टीबीच्या वरच्या डिस्क जुन्या विंडोजवर चालाव्यात म्हणून काही ब्रिज चिप सेक्टरचा (डिस्कवरच्या सर्वांत लहान कप्प्याचा) आकार ५१२ ऐवजी ४०९६ सांगतात आणि विभागांचा तक्ता त्या हिशेबाने लिहिला जातो. ‘नाही’ म्हणायचं, डिस्क त्याच डॉकमध्ये लावायची, डेटा दुसरीकडे काढायचा आणि मगच नव्या डॉकमध्ये फॉरमॅट करायचं.

१६ जून : उरलेलं

पोर्टांचं वाटप कॅबिनेटच्या मागे लिहून चिकटवलं: टाइप-सीला एसएसडी, १० गिगाबिट टाइप-ए रिकामा, पाहुण्या ड्राइव्हसाठी, प्रोसेसरच्या दोन पोर्टांवर कॅप्चर आणि रीडर, कीबोर्ड-माउस यूएसबी २ वर. पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं उपकरण झोपवणारं सेटिंग) बंद केलं, कारण कॅप्चर बॉक्स झोपेतून उठत नव्हता. नासवर लहान फोटोंच्या फोल्डरची कॉपी अजून मंद आहे. तिथे वेळ प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात जातो, त्यामुळे असे फोल्डर झिप करून पाठवायचे.

पीसीआयईचा लांब स्लॉट रिकामाच ठेवला आहे.